वाणीचे अंकीकरण

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत् संकेत आवाजाबरहुकूम अखंड चढउतार करतो, म्हणून त्याला सदृश किंवा ॲनालॉग संकेत म्हणतात. इंटरनेटवरून मात्र आकडेच जातात. या संकेताचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करणे म्हणजे वाणीचे अंकीकरण. इंटरनेट दूरध्वनीचा हा पाया असला, तरी त्याची मूळ पद्धत, स्पंदसंकेत विरूपण (पल्स कोड मॉड्युलेशन) ऊर्फ पीसीएम, इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे.

या पद्धतीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सामान्यतः श्रेय ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला दिले जाते. आयटीटी कंपनीच्या पॅरिस प्रयोगशाळेत असताना त्यांनी १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. परंतु वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पॉल रेनी यांचे अमेरिकन एकस्व १९२६ चे असून त्यात पाच अंकी द्विमान (फक्त ० आणि १ वापरणारा) संकेत स्पष्टपणे आढळतो. त्यामुळे काही लेखक रेनींना आद्य मानतात. रेनींना चित्रे तारेने पाठवायची होती. रीव्ह्ज यांची अडचण निराळी होती. लांबच्या तारेवर क्षीण झालेला आवाज प्रवर्धकाने वाढवला की त्यातली खरखरही वाढते आणि दर ठाण्यागणिक साचत जाते. आवाजाचे आकडे स्पंदांच्या, म्हणजे विजेच्या क्षणिक ठोक्यांच्या, रूपात पाठवले आणि स्पंद आहे की नाही एवढेच ओळखायचे असेल, तर प्रत्येक ठाण्यावर तो नव्याने, कोराकरकरीत तयार करता येतो. वाणी आणि हे कारण रीव्ह्ज यांच्याकडे एकत्र येतात, म्हणून श्रेय त्यांच्याकडे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. पद्धत व्यवहारात यायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ मध्ये सुरू केलेली टी-१ यंत्रणा २४ संभाषणे एकत्र वाहून नेत असे.

अंकीकरणासाठी संकेताची पातळी ठरावीक अंतराने मोजतात; अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. नमुने किती वेळा घ्यावेत याचा नियमही असाच अनेकांच्या नावे सांगितला जातो : नायक्विस्ट (१९२८), कोटेलनिकॉव्ह (१९३३), शॅनन (१९४९). संकेतातील सर्वोच्च कंप्रतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले, तर मूळ संकेत परत मिळवता येतो. दूरध्वनीत साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच पट्टा ठेवतात आणि सेकंदाला ८,००० नमुने घेतात. ‘स’च्या उच्चारातील बरीच ऊर्जा या पट्ट्याच्या वर असल्याने ती गाळली जाते आणि ‘स’ व ‘फ’ यांत गफलत होते; फोनवर नाव सांगताना ‘फणसातला फ’ अशी पुस्ती जोडावी लागते ती यामुळे.

प्रत्येक नमुना ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. पायऱ्या सारख्या ठेवल्या तर हळू आवाज भरड होतो, म्हणून त्या शांत आवाजासाठी बारीक आणि मोठ्या आवाजासाठी रुंद असतात. दूरध्वनीच्या १९७२ च्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय मानकात याचे दोन प्रकार आहेत. भारत व युरोपात ए-नियम चालतो. त्यातील पहिला बिट चिन्ह दाखवतो, पुढचे तीन खंड (पायऱ्यांचा गट) आणि उरलेले चार त्या खंडातील स्थान. अमेरिका व जपानमध्ये म्यू-नियम आहे. न्यू जर्सीहून पुण्याला केलेल्या पारंपरिक कॉलमध्ये एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याची जबाबदारी मानकाने म्यू-नियम वापरणाऱ्या देशावर टाकली आहे.

अशा रीतीने सेकंदाला ६४,००० बिट होतात. इंटरनेटवर सहसा २० मिलिसेकंदांचे, म्हणजे १६० बाइटांचे (एक बाइट म्हणजे ८ बिट) तुकडे पाठवतात; त्यांना पाकिटे म्हणतात. प्रत्येकावर पत्ता, क्रम व वेळ यांची किमान ४० बाइटांची शीर्षे चढतात. आवाज जी.७२९ या कमी बिटांच्या मानकाने दाबला तर तेवढ्याच वेळाचे बोलणे २० बाइटांत मावते, पण शीर्षे तेवढीच राहतात. पाकिटाचे वजन पत्रापेक्षा दुप्पट, असा हा प्रकार. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस संकेतक (आवाजाचे आकडे करणारी व परत आवाज बनवणारी पद्धत) कंप्रतांचा पट्टा व बिटदर दोन्ही परिस्थितीनुसार बदलतो आणि ‘स’ पुन्हा ऐकू येतो.

पाकिटांतून वाणी पाठवण्याचे प्रयोग इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर साधारण १९७४ पासून झाले. व्होकलटेक कंपनीचे इंटरनेट फोन हे सॉफ्टवेअर १९९५ चे. भारतात इंटरनेट दूरध्वनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून देशातील साध्या दूरध्वनी क्रमांकाला जोडून देण्याची मुभा तेव्हा नव्हती.