हवेच्या सेन्सरवरून माणसांचा अंदाज

खोलीत किती माणसे आहेत हे डोकी न मोजता तिथल्या हवेवरून ताडण्याची पद्धत. मुख्य खूण कार्बन डायऑक्साइडची. बाहेरच्या हवेत हा वायू सध्या सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, तर उच्छ्वासात साधारण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. खोलीतली हवा माणसांनी कितपत कोंदली हे या वायूवरून ओळखावे आणि १,००० पीपीएम ही मर्यादा मानावी, असे म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचवले होते. सेन्सर आता तळहातावर मावतात. हिशेब तोच आहे.

बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. नवी मुंबईतल्या महापे किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमधली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच मीटिंग रूम घ्या. सहा जण आत बसले, दार लावले आणि ताजी हवा येतच नसेल तर आकडा मिनिटाला ३० पीपीएमने चढतो. तीच खोली सेकंदाला ६० लिटर बाहेरची हवा घेत असेल तर आकडा बाहेरच्यापेक्षा सुमारे ५०० पीपीएम वर जाऊन थबकतो. पण हवा निम्मी आणि माणसे तीनच असली तरीही तो तिथेच थबकणार. म्हणून ताज्या हवेचे माप हाताशी नसेल तर केवळ पीपीएमवरून माणसे सांगणे म्हणजे अंदाजपंचे कारभार.

ठाणे-नवी मुंबईत नेमके हेच माप हाती नसते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. ताजी हवा येते ती दाराच्या फटीतून. सेंट्रल एसीत निरनिराळ्या खोल्यांची परतीची हवा एकत्र मिसळते आणि रिकाम्या केबिनलाही शेजारच्यांच्या श्वासाचा वाटा मिळतो. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये खाडीकडची खिडकी उघडली की भरल्या घरातही आकडा खाली येतो. उलट, स्वयंपाकघरात तासाला सव्वाशे ग्रॅम गॅस जाळणारी शेगडी अकरा-बारा माणसांइतका कार्बन डायऑक्साइड सोडते.

उशीर हीही अडचणच. सेकंदाला ६० लिटर हवा घेणाऱ्या त्याच मीटिंग रूममधून सगळे उठून गेले तरी अर्ध्या तासाने वाढीचा सहावा हिस्सा शिल्लक असतो. त्यामुळे आकड्याइतकाच त्याचा चढ-उतार पाहावा लागतो. जोडीला आर्द्रता घेतात, पण पावसाळ्यात बाहेरचा दमटपणा आणि एसीने काढलेले पाणी यांत माणसांची वाफ हरवून जाते. बेल्जियममधील एका कार्यालयीन खोलीच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत, खोली रिकामी की भरलेली हे ओळखताना प्रकाश सर्वांत बोलका ठरला. दिवसभर सगळे दिवे चालू ठेवणाऱ्या मजल्यावर त्याचा उपयोग नाही.

सेन्सर निवडतानाही फसगत होते. चांगला सेन्सर ४.२६ मायक्रोमीटरचे अवरक्त किरण किती शोषले गेले ते मोजतो. स्वस्त मीटरपैकी काही कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. वासाच्या वाफांवरून त्याचा आकडा बेततात. संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर फिनाईलने फरशी पुसली की अशा मीटरला गर्दी झाल्यासारखी वाटते.

अनेक अवरक्त सेन्सर स्वतःची दुरुस्ती एका गृहीतकावर करतात: काही दिवसांतून एकदा तरी खोली रिकामी होऊन हवा ४०० पीपीएमच्या आसपास येईल. रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये ती वेळ येतच नाही. सेन्सर तिथल्या नीचतम पातळीलाच ४०० मानतो आणि हळूहळू माणसे कमी दाखवू लागतो. अशा ठिकाणी ही आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवून, सेन्सर अधूनमधून बाहेरच्या मोकळ्या हवेत नेऊन जुळवणे बरे.

एवढे सांभाळले तरी नेमकी संख्या क्वचितच मिळते. ‘रिकामी’, ‘थोडी’, ‘भरलेली’ अशा पायऱ्या मात्र विश्वासाने सांगता येतात, आणि गर्दीप्रमाणे ताज्या हवेची झडप उघडायला तेवढे पुरते. कॅमेरा नसल्याने चेहरे टिपले जात नाहीत, हा मोठा फायदा. मात्र एकाच माणसाच्या केबिनमधला आलेख म्हणजे त्याच्या येण्या-जाण्याचे हजेरीपत्रकच.