बाळाच्या श्वासनलिकेचं ऑपरेशन: आधी काय, नंतर काय

ज्यूसच्या छोट्या पॅकबरोबर बारीक स्ट्रॉ येते ना, साधारण तेवढीच वाट असते नवजात बाळाच्या स्वरयंत्राखाली, 4-5 मिमी. तिथे क्रिकॉइड नावाच्या कूर्चेची अख्खी गोल कडी आहे, आतून सूज आली तर ती जराही पसरत नाही. 4 मिमीच्या वाटेत चारही बाजूंनी 1 मिमी सूज आली की उरली 2 मिमी, म्हणजे पाऊण जागा गेलीच. लवकर जन्मलेली बाळं कधीकधी कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर असतात, श्वासनलिकेत घातलेल्या त्याच्या नळीनेच त्यांचा जीव वाचतो, पण तीच नळी आतल्या नाजूक अस्तरावर दाबत राहते, जखम होते आणि ती भरताना वाट आवळत जाते. हा सबग्लॉटिक स्टेनोसिस.

मग गळ्याला छोटा छेद देऊन थेट श्वासनलिकेत ट्यूब बसवतात, ही ट्रॅकिओस्टॉमी. बाळ रडतं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि आवाजच नाही! कारण हवा स्वरयंत्रापर्यंत न जाता खालूनच बाहेर पडते. म्हणून अशा बाळाकडे कान देऊन भागत नाही, डोळे लागतात, रात्रीसुद्धा.

बरगडीच्या कूर्चेचा तुकडा लावून ही वाट रुंद करायचं ऑपरेशन अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉ. रॉबिन कॉटन यांनी 1970 च्या दशकापासून पुढे नेलं. आईबाबांना तारीख लवकर हवी असते, साहजिक आहे, पण मला वाटतं आधीच्या तपासण्यांत घाई करूच नये. पोटातलं अॅसिड वर येत असेल तर नवा तुकडा नीट धरत नाही, शिवाय गिळताना दूध श्वासनलिकेत जातंय का, फुप्फुसं धडधाकट आहेत का, नाकात एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा) जंतू आहे का, हे सगळं आधी बघावं लागतं.

एका टप्प्यातलं ऑपरेशन असेल, म्हणजे गळ्यातली ट्यूब तेव्हाच काढली, तर नंतर साधारण आठवडाभर नाकातून घातलेली नळीच आतून आधार देते, ती ओढली जाऊ नये म्हणून बाळाला आयसीयूत गुंगीत ठेवतात. गुंगीची औषधं हळूहळू कमी करताना बाळ चिडचिडं होतं, थरथरतं, घाम येतो, ते बघून आई घाबरते. ही औषधांची सवय सुटतानाची लक्षणं असू शकतात, आधी कुणी सांगितलेलं असलं की धीर राहतो, तरी नर्सला लगेच सांगायचंच. दोन टप्प्यांत केलं तर गळ्यातली ट्यूब अजून काही काळ राहते.

ती ट्यूब घेऊन घरी जाताना निदान दोघांना तरी ती बदलता आली पाहिजे, एकट्या आईवर सगळं टाकू नका, बाबा, आजी, मावशी कुणीही शिका. पिशवीत कायम त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान अशी जादा ट्यूब, आणि बॅटरीवर किंवा हाताने चालणारं सक्शन (ट्यूबमधला कफ ओढून काढायचं यंत्र), कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पावडर, धूप, उदबत्ती, फटाक्यांचा धूर त्या खोलीत नकोच. सक्शनचा कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, ट्यूबच्या लांबीइतकाच आत जाऊ द्या, तोही 5 ते 10 सेकंदच, कारण तेवढा वेळ बाळाचा श्वास अडलेला असतो.