चारही चाकं वेगळी की एकच? व्हेरिएशन आणि एररचा घोळ

हॉट व्हील्स या खेळण्यातल्या छोट्या गाड्यांच्या मेनलाइन, म्हणजे नेहमीच्या साध्या मालिकेतल्या, गाडीला नेहमीपेक्षा वेगळी चाकं दिसली, की फोटोखाली दोन शब्द हमखास पडतात: 'एरर' आणि 'रेअर'. बहुतेक वेळा दोन्ही चुकलेले असतात. एररच्या भावात व्हेरिएशन विकलं जातं, व्हेरिएशनच्या नावाखाली उन्हात विटलेली गाडी खपवली जाते, आणि घेणारा दोन्हीकडून बुडतो.

एरर कशाला म्हणतात ते बहुतेकांना ठाऊक असतं, तेव्हा ते लवकर उरकतो. एका नगात झालेली कारखान्याची चूक म्हणजे एरर. तीनपेक्षा निराळं असलेलं चौथं चाक, एका दारावर नसलेला टॅम्पो (गाडीवरची छपाई), उलटं बसलेलं इंटिरिअर, दुसऱ्याच गाडीचा बेस (तळ), कार्डावर एक नाव आणि आत भलतीच गाडी. त्याच खोक्यातल्या शेजारच्या नगात ती चूक सहसा नसते. टॅम्पो अर्धा मिलिमीटर सरकलाय, याला एरर म्हणू नका. ती छपाईतली रोजची सूट आहे.

व्हेरिएशनमध्ये चूक नसते. उत्पादन चालू असताना काहीतरी बदललं जातं: चाकाचा साठा संपला, काचेचं प्लॅस्टिक बदललं, छपाईतला एक रंग गाळला, काम दुसऱ्या कारखान्यात गेलं. त्या क्षणापासून पुढचे सगळे नग तसेच निघतात. याचं स्वच्छ उदाहरण १९६८ च्या पहिल्याच हॉट व्हील्समध्ये सापडतं. तीच गाडी अमेरिकेतही बनायची आणि हाँगकाँगमध्येही. अमेरिकी नगाच्या काचेला निळसर झाक असते, हाँगकाँगच्या नगाची काच स्वच्छ पारदर्शक. चूक कोणाचीच नाही, कारखाने दोन. लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स या खेळण्यातल्या गाड्यांत तर चाकंच आधी धातूची, मग करड्या प्लॅस्टिकची, मग काळ्या प्लॅस्टिकची होत गेली. एकच मॉडेल या बदलाच्या दोन्ही बाजूंना सापडलं, की संग्राहक त्याचे दोन वेगळे नग धरतात.

आता खरी अडचण. गाडीची चारही चाकं एकसारखी आहेत, पण नेहमीची नाहीत. समजा, सगळीकडे दहा आरांची चाकं दिसतात आणि तुमच्या हातातल्या गाडीला पाच आरांची आहेत. हे व्हेरिएशन, एरर, की कोणीतरी घरी बदललेली चाकं?

पहिली चाळणी ॲक्सलची. एका ॲक्सलवर दोन चाकं असतात, त्यामुळे जुळणीतली चूक बहुधा एका चाकापुरती किंवा एका ॲक्सलपुरती राहते. पुढची दोन बरोबर आणि मागची दोन चुकीची असतील, तर एररकडे कल ठेवा. मात्र काही गाड्यांना मुळातच पुढे-मागे वेगवेगळ्या मापाची किंवा प्रकारची चाकं असतात, म्हणून आधी नेहमीचा नग नीट पाहून घ्या. चारही चाकं 'चुकीची' पण आपसांत जुळणारी असतील, तर व्हेरिएशनची शक्यता बरीच वाढते. खात्री मात्र अजून झालेली नाही, आणि इथेच लोक थांबतात.

दुसरी चाळणी बेसवरच्या कोडची. २००८ पासून हॉट व्हील्सच्या बेसवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक दाबलेले असतात. अक्षर वर्षाचं, अंक आठवड्याचे. २००८ म्हणजे ए, २००९ म्हणजे बी, असं पुढे जायचं. आय आणि ओ ही अक्षरं वगळलेली आहेत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्या हिशोबाने २०२० ला एन, २०२१ ला पी, २०२२ ला क्यू, २०२३ ला आर. 'क्यू ४४' म्हणजे २०२२ चा चव्वेचाळिसावा आठवडा. गाडी २०२३ च्या मालिकेतली आणि कोड क्यूचा, यात काही काळंबेरं नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या केसेस (दुकानांकडे जाणारी खोकी) आदल्या वर्षाच्या शेवटीच बनतात.

मग त्याच गाडीचे जमतील तेवढे नग शोधा: स्वतःकडचे, मित्रांकडचे, दुकानातल्या हुकवरचे. बंद पाकीट खालून तिरपं धरून टॉर्च मारला तर बेसवरचा कोड बहुतेक वेळा वाचता येतो. प्रत्येक नगाचं चाक आणि कोड कागदावर मांडा. क्यू ४८ पर्यंत सगळी दहा आरांची आणि आर ०३ पासून सगळी पाच आरांची, असं दिसलं तर ते व्हेरिएशन, वाद संपला. एकाच आठवड्याचे बाकीचे सगळे नग नेहमीचे आणि तुमचाच वेगळा निघाला, तर तो एरर किंवा छेडछाड. सीमेच्या एकदोन आठवड्यांत दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतील, कारण आधीचे बेस उरलेले असतात आणि ते संपेपर्यंत वापरले जातात. त्या सरमिसळीवरून निष्कर्ष काढू नका, दोन्ही टोकांचे नग बघा. दोन नगांवरून 'नवीन व्हेरिएशन सापडलं' म्हणून जाहीर करणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. निदान आठ-दहा नग तरी पाहा.

कार्डाच्या मागे पाच खुणांचा टॉय नंबर असतो, तोही ताडून पाहा. एकाच वर्षात गाडी दुसऱ्या रंगात येते तेव्हा तिला वेगळा टॉय नंबर मिळतो. तो रिकलर, व्हेरिएशन नव्हे. लांब कार्ड आणि छोटं कार्ड हा तर नुसता पॅकिंगमधला फरक. आपल्याकडे बहुतेक माल छोट्या कार्डावर येतो, म्हणून लांब कार्डाला लोक उगाच जास्त पैसे मोजतात.

बेसवरच्या कॉपीराइटच्या सालाचंही तसंच. ते कास्टिंगचं, म्हणजे गाडीच्या साच्याचं साल, तो नग बनवल्याचं नव्हे. बेसवर सत्तरच्या दशकातलं साल आणि खाली 'मलेशिया' असेल, तर ती रेडलाइन (चाकांवर लाल रेघ असलेल्या सुरुवातीच्या हॉट व्हील्स) काळातली गाडी नाही. रेडलाइन्स अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये बनत.

रंगछटेचं व्हेरिएशन सांगितलं गेलं, की आधी संशय घ्या. शोकेसमधल्या उन्हाने लाल रंग नारिंगीकडे झुकतो, जांभळा निळसर होतो. चाकांच्या कमानीच्या आत आणि बेसच्या कडेलगत, जिथे ऊन पोचत नाही, तिथला रंग बघा. आत मूळ रंग आणि बाहेर 'दुर्मीळ' रंग असेल, तर गाडी विटली आहे, भाव कमी करा.

छेडछाड ओळखायची जागा बेसवरचे रिव्हेट, म्हणजे बेस गाडीला पक्का धरणारे दाबलेले खिळे. कारखान्याच्या रिव्हेटचं डोकं गुळगुळीत आणि सलग दाबलेलं असतं. ड्रिलचे वर्तुळाकार ओरखडे, मध्ये खड्डा, स्क्रू किंवा चकाकणारा गोंद दिसला, की गाडी उघडली गेली आहे. टॅम्पो नसलेली लूज, म्हणजे पाकिटातून काढलेली गाडी तर घेऊच नका. ॲसिटोनचा बोळा फिरवला की टॅम्पो निघून जातो, त्यामुळे पाकिटाबाहेर त्या एररला पुरावाच उरत नाही. पाकीटबंद नगातही ब्लिस्टरची (गाडीवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचाची) कडा बोटाने चाचपा. कारखान्याची चिकटण सपाट आणि सगळीकडे सारख्या रुंदीची असते. पुन्हा चिकटवलेल्या कडेला कार्डाचे सुटलेले धागे किंवा गोंदाचे पिवळे ओघळ दिसतात.

किंमत ठरवतानाही हाच फरक लावायचा. एररचा पुरावा पाकिटात असतो, म्हणून पाकीट उघडलं की किंमत जवळजवळ संपते. व्हेरिएशनचा पुरावा इतर नगांमध्ये असतो, म्हणून लूज असूनही ते टिकतं. फक्त कार्डाचे पैसे वजा होतात. व्हेरिएशनमध्ये किती दुर्मीळ याच्याइतकंच महत्त्व कोणती गाडी याला आहे. स्कायलाइन किंवा पोर्शच्या साध्या चाकबदलाला गिऱ्हाईक मिळतं, काल्पनिक गाडीच्या तशाच बदलाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एररमध्ये हातभर अंतरावरून दिसणारी चूक तेवढी मोलाची: भलत्या गाडीचा बेस, किंवा संपूर्ण टॅम्पोच गायब. एकच चाक वेगळं असेल तर छापील किमतीच्या दुप्पट-तिपटीपुढे मी जाणार नाही. ब्लिस्टरमध्ये उलटी बसलेली गाडी छापील किमतीलाच घ्यावी. आणि भाव काढताना विक्रेत्याने सांगितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांची धरा.

मोठ्या पैशांची व्हेरिएशन्स बहुधा रंगाची असतात आणि खोट्यांचा सुळसुळाटही तिथेच. लेस्नी मॅचबॉक्सची ८ नंबरची फोर्ड मस्टँग सहसा पांढरी, नारिंगी दुर्मीळ. १३ नंबरचा डॉज रेक ट्रक (बंद पडलेल्या गाड्या ओढणारा) सहसा पिवळ्या केबिनचा आणि हिरव्या मागच्या भागाचा. हेच रंग उलटे असलेला नग संग्राहकांत प्रसिद्ध आहे. केबिन आणि मागचा भाग वेगळे सुटे असल्याने रंगवून किंवा जोडून 'उलटा' ट्रक बनवणं अवघड नाही. असा ट्रक समोर आला तर दोन्ही भागांच्या आतल्या बाजूचा रंग, रंगाच्या थराची जाडी आणि ॲक्सलची टोकं भिंगाखाली बघा. विकणारा खालच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर सौदा सोडून द्या.