नवऱ्याचा एफएसए, माझा एचएसए
इथे अमेरिकेत ओपन एनरोलमेंट, म्हणजे कंपनीकडून मिळणारा पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडायचे दिवस, सुरू झाले की जेवणं उरकून आम्ही दोघं आपापले लॅपटॉप घेऊन बसतो. दोन नोकऱ्या, दोन पोर्टल. नवरा त्याच्या कंपनीच्या विम्यावर. मी आणि मुलं माझ्या हाय डिडक्टिबल प्लॅनवर (विमा पैसे देण्याआधी बराच खर्च आपणच करायचा, असा प्लॅन), आणि त्याच्या जोडीला माझा एचएसए, म्हणजे आरोग्य खर्चासाठीचं बचत खातं. त्याने चष्म्यासाठी म्हणून एफएसएत, म्हणजे कंपनीमार्फत चालणाऱ्या खर्चाच्या खात्यात, ६०० डॉलर भरले नि 'सबमिट'वर बोट नेलं. मी म्हटलं, "थांब, हा कुठला एफएसए?"

"कुठला म्हणजे? अगं, माझा चष्मा, माझे पैसे. तुझा काय संबंध?"

संबंध होता, आणि चांगलाच महागातला.

दोन्ही खात्यांत पैसे टॅक्स लागायच्या आत पगारातून जातात आणि दोन्हींतून डॉक्टर-औषधांची बिलं भागतात, त्यामुळे गल्लत होते. पण एचएसए आपल्या मालकीचा: नोकरी सुटली तरी पैसे आपलेच, हवी तितकी वर्षं साठवा, गुंतवा. (आम्ही न्यू जर्सीवाले, इथे राज्याच्या टॅक्समध्ये ही सवलत नाही, फक्त फेडरलमध्ये.) एफएसए कंपनीचा. वर्षअखेर उरलेलं बहुतेक बुडतं. एचएसएत पैसे भरायचे तर मात्र हाय डिडक्टिबल प्लॅन हवा आणि त्याखेरीज दुसरं आरोग्य कव्हर नको.

गोची आहे ती या 'दुसऱ्या कव्हर'पाशी. नवऱ्याच्या विम्यात माझं नाव नसेल, तर तो विमा कितीही भारी असो, माझ्या एचएसएला धक्का नाही. तोच हिशेब आपण एफएसएला लावतो आणि फसतो. एफएसएत नाव घालायचा प्रश्नच येत नाही. साध्या एफएसएतून त्याचा, माझा, मुलांचा, कुणाचाही खर्च निघू शकतो. म्हणून आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) लेखी ते माझंही कव्हर. मी त्यातला एक डॉलरही घेतला नाही, हे सांगून उपयोग नाही. मिळू शकतो, एवढं पुरे. म्हणजे त्याच्या ६०० डॉलरपायी माझ्या एचएसएत २०२६ साठी जास्तीत जास्त भरता येणारे ८,७५० डॉलर अडकले असते.

त्यात एकाच नावाची निरनिराळी खाती. पाळणाघराच्या खर्चाचा डिपेंडंट केअर एफएसए वेगळा. त्याचा आरोग्य कव्हरशी संबंध नाही, तो खुशाल ठेवा. लिमिटेड पर्पज एफएसए दात आणि डोळ्यांपुरता, तोही चालतो. काही कंपन्यांच्या एफएसएत जोडीदाराचा खर्चच बसत नाही. मग अडचण नाही, पण तसं प्लॅनच्या कागदात लिहिलेलं हवं. 'आपण वापरायचाच नाही' असं नवरा-बायकोंनी आपसात ठरवून भागत नाही.

सगळ्यात वाईट खोड शिल्लक रकमेची. साध्या एफएसएतले उरलेले चाळीस-पन्नास डॉलर बुडण्याऐवजी पुढच्या वर्षात साध्या एफएसएतच गेले, तर ते अख्खं प्लॅन वर्ष आपण एचएसएला अपात्र. जानेवारीतच खर्चून टाकले तरीही. आणि बायकोला एचएसए हवाय, एवढ्या कारणावर नवऱ्याला वर्षाच्या मध्ये एफएसए सोडता येत नाही. चुकून भरणा झालाच असेल, तर टॅक्स रिटर्नची मुदत संपायच्या आत ती रक्कम तिच्यावरच्या कमाईसकट काढून घ्यावी. नाहीतर पैसे खात्यात राहतील तितकी वर्षं, दर वर्षी ६ टक्के दंड.

नवऱ्याने पान मागे नेलं. त्याच यादीत दोन ओळी खाली लिमिटेड पर्पज होता. त्याने तो निवडला, ६०० तसेच ठेवले. चष्मा त्यातूनच आला.