हिवताप हटतो तिथे डेंग्यू का फोफावतो?

2017 पासून इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय. तरी पाऊस ओसरला की आमच्या रामबागेत कोणी ना कोणी तापाने अंथरूण धरतंच, आणि शेजारच्या काकू विचारतात, "एवढी झाडलोट, मग हा डेंग्यू येतो कुठून गं?" काकूंच्या मनात डास म्हणजे डबक्यातला, रात्री चावणारा. तो हिवतापाचा.

हिवताप होतो परजीवीमुळे. त्याचा ॲनॉफिलीस डासाशी असलेला संबंध ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादला दाखवला. या डासाला दलदल, भातखाचरं, संथ ओढे मानवतात (शहरी जात मात्र गच्चीवरच्या टाकीतही वाढते, तेवढा अपवाद). म्हणून पाण्याचा निचरा झाला, खिडक्यांना जाळ्या आल्या, औषध वेळेवर मिळालं की तो हटतो. युरोप 1975 मध्ये त्यातून सुटला, श्रीलंका 2016 मध्ये, चीन 2021 मध्ये. आज त्याचे शंभरातले नव्वदहून जास्त मृत्यू आफ्रिकेत होतात. तिथलं हवामान आणि डासाची जात आहेच, पण दवाखाना लांब असणं हेही कारण आहे.

डेंग्यूचं गणित उलटं. तो विषाणूचा आजार, आणि त्याचा एडिस डास दिवसा चावतो. त्याचे पूर्वज आफ्रिकेच्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढायचे. आता पिंप, कुंडीखालची ताटली, जुना टायर, प्लॅस्टिकचा डबा हीच त्याची ढोली. गटार झाडून तो जात नाही, त्याला घरातलं साचलेलं स्वच्छ पाणी हवं. 1970 पूर्वी जेमतेम नऊ देशांत गंभीर डेंग्यूच्या साथी आल्या होत्या. आज शंभराहून जास्त देशांत तो ठाण मांडून आहे. शहरं फुगली, विमानं वाढली, तसा तो पसरला. सिंगापूरसारखं श्रीमंत, टापटीप शहरही सुटलेलं नाही. पण आपल्याकडे मला हा अर्ध्या विकासाचा आजार वाटतो: नळ आला, पण रोज येत नाही. आमच्याकडे नदीकाठच्या जलूद गावाहून नर्मदेचं पाणी येतं ते एक दिवसाआड. मग पाणी साठवणार नाही तर काय करणार?

ताप आला की रक्त तपासून घ्यावं, अंदाजाने गोळ्या घेऊ नयेत. हिवतापाचा परजीवी औषधाने मरतो. डेंग्यूच्या विषाणूवर तसं औषध नाही. तिथे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टरांची नजर. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं, रक्तस्रावाची भीती असते. फसवा भाग पुढेच आहे. डेंग्यूत ताप उतरला की घरचे सुस्कारा सोडतात, पण धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

काकूंनी परवा कूलर उपडा केला आणि हात झटकले. मी घासणी दिली. कडेला चिकटलेली एडिसची अंडी कोरडी होऊनही कित्येक महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात.