पाणी ओसरलं, मीठ राहिलं

१२ नोव्हेंबर २०१९च्या रात्री व्हेनिसमध्ये भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली. तिथल्या सेंट मार्क बॅसिलिका या जुन्या चर्चमध्ये पाणी शिरल्याच्या बातम्या जगभर गेल्या. पाणी उतरलं तशा त्या थांबल्याही. अशा वास्तूचं खरं दुखणं मात्र तिथूनच पुढे सुरू होतं.

आपल्याकडे जुन्या भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी सुटते, तोच हा प्रकार. वातीत तेल चढावं तसं खारं पाणी विटांतून, चुन्यातून, संगमरवरातून वर चढतं. पाणी हवेत उडून जातं, मीठ मागे राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम!

हे मीठ पृष्ठभागावर आलं तर ब्रशने झाडता येतं. आतल्या छिद्रांत साचलं, की घात. वाढता स्फटिक आणि छिद्राची भिंत यांच्यामध्ये अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त मीठ विरघळलेल्या) द्रावणाचा अतिशय पातळ थर टिकून असतो. त्यामुळे भिंतीला टेकलेल्या बाजूनेही स्फटिकाला खाद्य मिळत राहतं आणि तो भिंतीला रेटत वाढतो. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही; तो आतून तडकतो. त्यासाठी पुन्हा पूर यायलाच हवा असंही नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक धरतं. अशा शेकडो फेऱ्यांनंतर खांबाच्या तळाशी बोट फिरवलं, तर संगमरवर साखरेसारखा रवाळ होऊन हाताला लागतो.

बॅसिलिकेतल्या मोझेकमधल्या, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रांतल्या, सोन्याला याचा फारसा धोका नाही, कारण सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये बंद असतो. पोखरला जातो तो तुकडे धरून ठेवणारा चुना.

भरती अडवायला समुद्राच्या तोंडाशी २०२०पासून वापरात आलेले दरवाजे मोठ्या भरतीलाच उचलतात, आणि बॅसिलिकेचा व्हरांडा त्याआधीच भिजतो. म्हणून २०२२मध्ये वास्तूभोवती काचेची भिंत उभारली.

आणि स्वच्छता? लिंबू किंवा व्हिनेगरने संगमरवर ‘चमकवणाऱ्या’ व्हिडिओंवर कृपा करून विसंबू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडल्यावर दिसणारे बुडबुडे मळाचे नसतात. दगडच विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो.

मीठ काढायला संवर्धक, म्हणजे जुन्या वास्तू जपणारे तज्ज्ञ, लेप लावतात. कागदाचा लगदा क्षारविरहित पाण्यात कालवून दगडावर हाताने थापायचा. त्यातलं पाणी आत मुरून मीठ विरघळवतं, आणि लेप वाळू लागला की ते खारं पाणी बाहेर लेपात ओढलं जातं. वाळलेला लेप अलगद सोडवायचा, त्यात किती मीठ आलं ते मोजायचं आणि नवा थापायचा. लेपागणिक आकडा उतरत जातो. तो उतरायचा थांबला, की शेजारची फरशी घ्यायची.