चिरा लागला म्हणजे खडक लागला नव्हे

गोव्यात पर्वरीच्या नाहीतर वेर्ण्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर, पायासाठी खणायला घेतलं की हात-दीड हातावरच कुदळ खणकते. ठेकेदार खूश होतो. "चिरा लागला साहेब, आता आणखी काय तपासायचं?" पुढे फ्लॅट विकणाराही "बिल्डिंग खडकावर आहे" असं सांगून मोकळा होतो. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. आपल्याकडे चिरा (म्हणजे जांभा दगड) आणि खडक हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात.

खडक बघायचा तर दोना पावलाला जा. सड्याच्या माथ्यावर तांबडा जांभा आणि खाली लाटा आपटतात तिथे करडा, टणक दगड, असं दोन्ही एकाच फेरीत दिसतं. सत्तरीच्या वरच्या भागात हाच मूळ खडक काळा बेसाल्ट असतो, पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर ग्रॅनाइट. जांभा हा अशाच खडकांचा झिजून उरलेला गाळसाळ. लाखो वर्षांच्या पावसाने सिलिका आणि क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्यांचं वर कवच धरलं. फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रज अंमलातल्या डॉक्टराने १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटलं. जमिनीत असताना हत्याराने कापला जातो आणि वारा लागला की टणक होतो, हे त्याने मलबारात पाहिलं होतं. आपल्या चिरेखाणीवरच्या कामगाराला हे सांगायला ब्युकॅनन लागत नाही.

खडकात साधारणपणे जितकं खोल जावं तितकी जमीन घट्ट होत जाते. जांभ्यात हा क्रम उलटा. वर दोन-चार मीटर टणक कवच, त्याखाली भोकाभोकांचा ठिसूळ थर, आणि त्याच्याही खाली पांढुरकी, गुलाबी, पिवळट चिकणमाती. भूशास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात. कोरडी असेल तर ती नखाने खरवडावी लागते, भिजली की लोण्यासारखी. ही माती कित्येक मीटर जाड असू शकते, आणि ती संपल्यावर कुठे कुजका खडक, मग खरा खडक. कोकण रेल्वेला याची किंमत पेडण्याच्या बोगद्यात मोजावी लागली. मऊ ओली माती ढासळत राहिली, आणि संपूर्ण मार्ग खुला व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी उसळलं आणि गाड्या अडकल्या.

"आमच्या आजोबांचं घर याच चिऱ्यावर शंभर वर्षं उभं आहे" हा युक्तिवाद मी खूपदा ऐकतो. घर उभं आहे, हे खरंच. पण पायाच्या भाराचा परिणाम जमिनीत पायाच्या रुंदीच्या साधारण दीड ते दोन पट खोलीपर्यंत जाणवतो. आजोबांच्या भिंतीखालचा पाया दोन-अडीच फुटांचा, म्हणजे त्याचं ओझं कवचातच जिरलं. खालच्या मातीला घराचा पत्ताच नाही. सात मजली इमारतीच्या खांबाखालची फुटिंग, म्हणजे पायाची रुंद बैठक, तीन मीटर रुंद धरली तर भार पाच-सहा मीटर खाली पोचतो. कवच तीन मीटरच असेल तर उरलेलं ओझं चिकणमातीवर. ती लगेच कोसळत नाही, सावकाश दबते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. भिंतींना तिरक्या चिरा जातात त्या यातून. (चिऱ्याच्या भरवशाने चिरा, असं माझा एक मित्र म्हणतो.)

चाचणीतही हीच फसगत होते. बोअरमध्ये, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या भोकात, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. कवचावर पन्नास ठोके होऊनही नळी हलत नाही. अहवालात 'रिफ्यूजल', म्हणजे नळी पुढे जात नाही, असं लिहून मशीन गुंडाळलं जातं. खऱ्या खडकावर तिथे थांबणं एक वेळ चालेल. जांभ्यात मात्र कवच ड्रिल करून पार करायचं आणि खाली पुन्हा ठोके मोजायचे. वर पन्नास आणि त्याच्या खाली आठ, असं दिसलं तर चकित होऊ नका.

पाण्याचं गणितही दोघांत वेगळं. खडकात पाणी फक्त भेगांतून फिरतं. जांभा चाळणीसारखा. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तो कवचातून झरझर उतरतो आणि खालच्या चिकणमातीवर अडतो, मग सड्याच्या उतारावर झर (झरा) होऊन बाहेर पडतो. केसरवाळची झर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. म्हणून मे महिन्यात कोरडा ठणठणीत दिसलेला खड्डा ऑगस्टमध्ये विहीर होतो. तळघरात पार्किंग काढायचं असेल तर ऑगस्टचीच पातळी धरायला हवी, कारण ते पाणी खालून फरशी उचलू बघतं. ड्रिलिंग करताना ओतलेलं पाणीही बोअरमध्ये साचतं, त्यामुळे त्या दिवशीच्या मोजणीला अर्थ नाही. छिद्रांची नळी आत सोडून ठेवावी आणि पावसाळाभर बघत राहावं. तेवढा वेळ नसेल तर शेजारच्या दोन-तीन विहिरींचे कठडे गाठून पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते घरच्यांना विचारावं. मलनिस्सारणाची वाहिनी नसलेल्या भागात तर हे करायलाच हवं, कारण त्याच चाळणीतून सोसायटीच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्या विहिरींकडे निघतं.

खाजनातली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली, जमीन याउलट प्रामाणिक. चिखल आहे हे सगळ्यांना दिसतं, पाइल, म्हणजे खोलवर जाणारे पायाचे खांब, घालावे लागणार हेही.

फ्लॅट घेणाऱ्याला अहवालातले आकडे कळतीलच असं नाही. पण बोअरमधून काढलेले दगडाचे दंडगोल लाकडी पेटीत खोलीप्रमाणे मांडून ठेवतात, ती पेटी किंवा निदान तिचा फोटो मागता येतो. वरच्या खणांत तांबडे तुकडे, शेवटच्या खणांत करडा लांब दंडगोल असेल तर बोअर खडकात पोचलं. मधले खण रिकामे दिसले तर तुकडे हरवले असं समजू नका. तिथली माती ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून गेलेली असते, किंवा तिथे मुळात पोकळीच होती.